होडी बदलताना
(समाजाच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं खेळाडू नाही. मुलीमुळे शिडाच्या होडीविषयी चार गोष्टी कळल्या, आणि आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगायलाच आज उभे आहोत.

देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस इथल्या अनेकांना आठवत असतील. अशा गावची मुलगी होडी चालवायला भोपाळला निघाली तेव्हा नातेवाईक हसले. आम्ही म्हणायचो, भोपाळचा मोठा तलाव धारच्या राजा भोजानं बांधला असं परंपरा सांगते. म्हणजे तलाव आपल्याकडचाच!

तिथं ती ऑप्टिमिस्ट या होडीवर शिकली. लांबी जेमतेम 2.3 मीटर, पुढून चपटी, एखाद्या पेटीसारखी. पण या वर्गात वयाच्या 15 वर्षांपर्यंतच शर्यतीत उतरता येतं. मुलगी बक्षिसं आणू लागली, तोवर वय संपत आलं. मग इल्का-4 हा वर्ग घ्यायचा ठरला. याचंच जुनं नाव लेझर 4.7, कारण शीड 4.7 चौरस मीटरचं. होडीची लांबी मात्र 4.2 मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

पहिल्या दिवशी आम्ही काठावर होतो. उशीला अभ्रा घालावा तसं शीड डोलकाठीवर चढवलं. बसायला खोलगट जागा जवळपास नाहीच; पट्ट्यात पावलं अडकवून अंग पाण्यावर झोकायचं, नाहीतर होडी कलते. ती चारदा उलटली. ऑप्टिमिस्ट उलटली की पाण्यानं भरते, उपसत बसावं लागतं. इथं मधल्या फळीवर उभं राहून भार दिला की होडी सरळ होते, आणि आत आलेलं पाणी चालता चालता मागच्या भोकातून निघून जातं. "बाबा, ही लवकर पडते, पण लवकर उठतेही," कुडकुडत ती म्हणाली.

पुढचे काही महिने ती शेवटच्या चार-पाचांत असे. फोनवर आमचा एकच प्रश्न, "कितवी आलीस?" एकदा तर दहावीचं निमित्त काढून "परत ये" म्हणालो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, वारा मला कळतो. हातपाय अजून जुन्या होडीत आहेत. नंबर नको विचारूस, आज काय जमलं ते विचार."

तेव्हापासून तेच विचारू लागलो. एकदा उत्तर आलं, "आज वळताना आडवी काठी डोक्याला लागली नाही!" त्या दिवशी घरात शिरा झाला.

26 सप्टेंबर 2023. हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली नेहा ठाकूर हिनं मुलींच्या याच इल्का-4 वर्गात रौप्यपदक जिंकलं. वय 17. शर्यती 11. या खेळात जितवा क्रमांक तितके गुण, आणि ज्याचे गुण कमी तो पुढे. शेवटी प्रत्येकाची सगळ्यात वाईट शर्यत हिशेबातून वगळतात. नेहाचे एकूण गुण 32. वाईट शर्यतीचे 5 वजा जाऊन उरले 27.

हा हिशेब वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खेळ स्वतः एक वाईट दिवस माफ करतो. आम्ही आईवडील मात्र नेमका तोच दिवस मोजत होतो.

आमच्या मुलीला अजून पदक नाही. ती आता मधल्या क्रमांकांत येते. पुढं इल्का-6 आहे: होडी तीच, शीड मोठं. म्हणजे पुन्हा काही दिवस मागं राहणं आलंच.

तुमच्या घरातही कोणी विषय बदलेल, वाद्य बदलेल, गाव बदलेल. जुनी हुशारी वाया जात नाही, तिला नव्या जागी बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ नंबर विचारू नका, एवढीच आमची विनंती.

गणपती बाप्पा मोरया!