वाट सुरक्षित करू या, सायकल बंद नको

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मला जो विषय देण्यात आला आहे तो परीक्षेत विचारला जात नाही आणि निकालाच्या टक्केवारीतही दिसत नाही. तरी तो प्रत्येक घराच्या उंबरठ्यापाशी रोज सकाळी उभा असतो. आपले मूल सायकलीवर टांग मारून निघते, मोहल्ल्याच्या वळणापर्यंत दिसते आणि मग दिसेनासे होते. तिथून शाळेच्या फाटकापर्यंतच्या वाटेवर त्याचे काय होते, याविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या कोकणातल्या वाटा आपण जाणताच. वाडी खाली खाडीकाठी आणि हायस्कूल वर सड्यावर. मध्ये आमराई, काजूची लागवड, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा आणि एखादा साकव. भर दुपारीसुद्धा या वाटेवर माणूस भेटेलच याची खात्री नाही. पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईला. घरी आई आणि म्हातारी दादी. मुलाला रोज पोहोचवायला कोण जाणार? एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळतेच असे नाही. म्हणून सायकल आली, आणि ती आली हे फार चांगले झाले.

सायकलीने काय होते याचे एक उदाहरण देतो. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती, तिथे हा फरक अधिक ठळक होता. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. तीन किलोमीटरची वाट पायी पाऊण तासाची. सपाट असेल तर सायकलीला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तेवढा वेळ अभ्यासाला मिळतो आणि सुन्या वाटेवर काढावा लागणारा वेळही तेवढाच कमी होतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा आहे ती सांगतो. वाटेवर कोणी त्रास दिला, घाणेरडे बोलला, रोज त्याच वळणावर थांबू लागला, तर पुष्कळ मुले घरी सांगत नाहीत. मुलगी गप्प बसते, कारण तिला ठाऊक असते की उद्यापासून सायकल बंद होईल आणि परवापासून शाळा. मुलगा गप्प बसतो, कारण ‘तू मुलगा असून घाबरलास?’ असे ऐकावे लागेल. त्रास देणाऱ्यालाही हे पक्के माहीत असते. मुलाच्या या मौनावरच त्याचा सगळा धीर उभा असतो. गडग्याआडच्या माणसापेक्षा घरातल्या शिक्षेचे भय मुलाला अधिक वाटत असेल, तर आपण नकळत त्या माणसाचीच बाजू बळकट करतो.

म्हणून पालकांना माझी पहिली विनंती अशी की, काही घडण्याची वाट न पाहता मुलाला आधीच शब्द द्या: “वाटेवर काहीही झाले तर मला सांग. मी तुला रागावणार नाही. तू सांगितलेस म्हणून तुझी सायकल किंवा शाळा बंद होणार नाही.” हा शब्द एकदा देऊन भागत नाही, तो अधूनमधून पुन्हा उच्चारावा लागतो आणि वेळ आली की पाळावा लागतो. वडील परदेशी असतील तर त्यांनी फोनवरून द्यावा. मार्कांची चौकशी आपण करतोच, त्याबरोबर “वाटेत कोण कोण भेटते?” एवढे विचारायला कितीसा वेळ लागतो?

दुसरी गोष्ट. आपण मुलांना ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढेच शिकवतो. हे अपुरे आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून २००७ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. अशा मुलांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कमी नव्हती, आणि त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. तेव्हा ‘मुलगा आहे, त्याला काय होणार?’ हा समज सोडला पाहिजे. ‘तो तर आपल्यातलाच आहे’ हा समजही सोडला पाहिजे. माणूस ओळखीचा आहे की नाही, यापेक्षा तो काय करायला सांगतो याकडे मुलाने पाहावे. जो म्हणतो ‘घरी सांगू नकोस’, त्याची गोष्ट घरी सर्वांत आधी सांगायची, एवढा एक नियम मुलाच्या मनात ठसवा.

तिसरे म्हणजे, ती वाट स्वतः एकदा पाहा. आई असो, चाचा असो, मामू असो, कोणीतरी मोठ्याने एका सुट्टीच्या दिवशी मुलाबरोबर ती वाट पायी चालावी. कुठे झाडी रस्त्यावर आली आहे, कुठले घर बंद असते, कुठे फोनला रेंज मिळत नाही, हे मुलाच्या तोंडूनच ऐकावे. मग वाटेवरची चार-पाच आसऱ्याची ठिकाणे ठरवावीत: किराणा दुकान, अंगणवाडी, पिठाची गिरणी, एखाद्या ओळखीच्या बाईचे घर. त्या लोकांना सांगून ठेवावे की आमचे मूल धावत आले तर त्याला आत घ्या आणि आम्हाला फोन करा. हे घर मुसलमानाचे की हिंदूचे, हा प्रश्न इथे येतच नाही. दार उघडे असलेले घर हवे.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याशी बोलतो. नीट ऐका.

एकट्याने जाऊ नका. एका वाडीची मुले-मुली ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जमून बरोबर निघा. ज्याची सायकल हळू त्याला मागे टाकू नका. कोणी आले नाही तर त्याच्या घरी विचारूनच पुढे जा. पाच मिनिटे वाचवण्यासाठी आमराईतली आडवाट धरू नका. परतताना रेंगाळू नका. मगरिबच्या आत घर गाठायचे, आणि क्लासमुळे उशीर होणार असेल तर घरचे कोणी घ्यायला येईल अशी व्यवस्था आधीच करायची. कानात गाणी लावून सायकल चालवू नका. सुन्या वाटेवर कान हे तुमचे दुसरे डोळे आहेत.

सायकल धडकी ठेवा. हवा, ब्रेक, चेन आणि घंटी दर जुम्याला, सुट्टीत, तपासा. निर्जन जागी सायकल बंद पडणे हेच पहिले संकट. मुलींनी ओढणी किंवा बुरख्याचा घेर चाकात जाणार नाही असा आवरून घ्यावा आणि चेनला कव्हर बसवून घ्यावे. पावसाळ्यात साकवावरून पाणी वाहत असेल तर सायकल दामटू नका, माघारी फिरा. त्या दिवशीची गैरहजेरी कोणताही शिक्षक माफ करील.

कोणी गाडी थांबवून पत्ता विचारला तर लांबूनच उत्तर द्या. गाडीजवळ जाऊ नका. उतरावेच लागले तर सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये ठेवा. मोटारसायकल पाठीमागे येते असे वाटले तर पुढच्या सुन्या भागाकडे न जाता सायकल वळवा आणि ज्या बाजूला घरे आहेत तिकडे निघा. गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे लक्षात ठेवा. कोणी हात धरला तर सायकल आणि दप्तर तिथेच टाका, मोठ्याने ओरडा आणि पळा. सायकल पुन्हा घेता येते. मोठ्या माणसावर ओरडणे ही एरवी बेअदबी असेल. अशा वेळी ती नाही, आणि ती शिकवण मी शिक्षक म्हणून तुम्हाला देतो.

“तुझ्या अम्मीला दवाखान्यात नेले आहे, चल, बस गाडीवर,” असे कोणी सांगेल. यासाठी घरात एक परवलीचा शब्द ठरवा. ‘फणस’ म्हणा, ‘घावन’ म्हणा, काहीही. ज्याला तो शब्द सांगता येत नाही त्याच्याबरोबर जायचे नाही, मग तो नात्यातला का असेना. तो शब्द मित्रालासुद्धा सांगायचा नाही. आणि मोबाइलवर ओळख झालेल्या कोणाला आपली शाळेची वाट, वेळ आणि गणवेशातला फोटो कळवायचा नाही.

घरचा एक फोन नंबर पाठ ठेवा. त्याबरोबर आणखी दोन: मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पोलीस व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२. दोन्ही मोफत आहेत आणि दिवसरात्र चालू असतात.

पालक बंधू-भगिनींनो, कायद्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो लागू होतो. वाईट हेतूने मुलाचा वारंवार पाठलाग करणे किंवा त्याच्यावर पाळत ठेवणे हाही या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे ‘अजून काही केले तर नाही ना?’ असे म्हणून थांबण्याचे कारण नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, तिने त्या वेळी गणवेशात असू नये, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवू नये आणि त्याचे नाव वर्तमानपत्रात येऊ नये, अशी तरतूद त्यात आहे.

आपल्याकडे एक सवय आहे: बोभाटा नको, जमातीत बसून मिटवू. जमिनीचा बांध किंवा घरातले भांडण जमातीने मिटवावे, त्यात भूषण आहे. परंतु अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मिटवलेल्या प्रकरणातला माणूस त्याच वळणावर पुन्हा उभा राहतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचे मूल तिथून जात असते. बदनामी करणाऱ्याची होते. मुलाची होत नाही, हे आपण मोठ्यांनी बोलून दाखवले तरच मुलांना पटेल.

शाळेची जबाबदारीही मी टाळत नाही. राज्य सरकारने २०२२ साली शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमण्याचा आदेश काढला. तिची बैठक कागदावर न राहता प्रत्यक्ष व्हावी, तक्रारपेटी दर आठवड्याला उघडली जावी आणि सायकलीने येणारे मूल गैरहजर असेल तर पहिल्या तासालाच घरी फोन जावा, हा आग्रह आपण आम्हा शिक्षकांकडे धरा. तसाच आग्रह ग्रामसभेत धरा: झाडी तोडणे, साकवाला कठडा, वळणावर एक दिवा. या मागण्या लहान आहेत, पण मागितल्याशिवाय त्या होत नाहीत.

१८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्यावर वाटेत शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे नेत असे सांगतात. त्यांनी सावधगिरी घेतली, पण वाट सोडली नाही. आपल्या मुलामुलींसाठी आपण एवढेच करायचे आहे.

तेव्हा तीन कामे घेऊन घरी जा. या आठवड्यात मुलाबरोबर त्याची वाट चाला. घरात परवलीचा शब्द ठरवा. आणि आज रात्री जेवायला बसाल तेव्हा मुलाला तो शब्द द्या की, तू सांगितलेस म्हणून तुझी शाळा थांबणार नाही.