आरोग्याचा पैसा पाड्यापर्यंत पोहोचतो का?

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



पाड्यावरचा आजारी माणूस पायपीट करून प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो आणि पुष्कळदा चिठ्ठी घेऊन परततो. औषध संपलंय, बाहेरून आणा. मग घरचे उसनवारी करतात, नाहीतर दुखणं अंगावर काढतात. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, गाडीची सोय करतो. पण या केंद्रासाठी आलेला पैसा कुठे गेला, हे विचारत नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्याच्या मूळ निकषांत प्राथमिक केंद्राला वर्षाला २५ हजार रुपये अबंधित निधी, देखभालीला ५० हजार आणि रुग्ण कल्याण समितीला १ लाख धरले होते. उपकेंद्राला १० हजार, गावाच्या आरोग्य समितीलाही १० हजार. यंदा किती आले, ते आपल्या केंद्रातच विचारायचं.

हा पैसा राज्य, जिल्हा, तालुका अशा पायऱ्या उतरत येतो. वाटेत अडला की वर्षअखेरीस हातात पडतो आणि ३१ मार्चपूर्वी घाईने खर्च होतो. आफ्रिकेतल्या चाड देशात २००४ मध्ये असा माग काढला, तेव्हा आरोग्य खात्याच्या पगाराव्यतिरिक्तच्या खर्चातला १ टक्काही गावच्या केंद्रांपर्यंत पोहोचला नव्हता.

आपल्याकडे २००७ पासून नंदुरबार, अमरावती, ठाणे अशा जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी केंद्रांची प्रगतिपत्रकं भरली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. हे आपल्यालाही जमेल. समितीच्या सभेला जा. औषधांची साठा-वही आणि खर्चाची वही दाखवायला सांगा. नाही दाखवली तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत.

नर्सबाईंशी मात्र भांडू नका. किती निधी आला, हे अनेकदा त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं. त्यांना सोबत घ्या.

काही जण म्हणतात, हिशोब मागणं हे मंडळीचं काम नाही. पौल प्रेषिताने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हा कोणी दोष देऊ नये म्हणून ती नेताना इतर विश्वासू बंधूंनाही बरोबर घेतलं. गरिबांच्या पैशाबाबत प्रेषितानेही ही काळजी घेतली. मग आपण का संकोचावं?

पुढच्या मेळाव्याला प्रत्येकाने आपल्या उपकेंद्राचा हिशोब लिहून आणावा. प्रभू आपल्याला धैर्य आणि नम्रता देवो. आमेन.