आहारतज्ज्ञ व्हायचंय? आधी वाट विचारू या

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायका बोलतोय.

गेल्या वर्षी गटातल्या एका ताईंनी लेकीसाठी कर्ज मागितलं. लेक बारावी सायन्स झालेली. तिला डायटिशियन, म्हणजे आहारतज्ज्ञ व्हायचं होतं. कारण घरातच होतं. आजोबांचं डायलिसिस चालू होतं आणि शेजारीपाजारी मायेनं शहाळी आणून द्यायचे. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी ती बंद करायला सांगितली. शहाळ्यात पोटॅशियम जास्त असतं. किडनी काम करत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं, हेही त्यांनीच शिकवलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "घरात रोज काय शिजतं?" पोरीनं तेव्हाच ठरवलं.

पण ताईंनी आणलेला कागद तीन महिन्यांच्या कोर्सचा होता. फी भरा, सर्टिफिकेट घ्या, लगेच सल्ला द्यायला बसा! आमच्यातल्या काहीजणी सहीला तयारही झाल्या. मग आम्ही थांबलो, चौकशी केली.

खरी वाट लांबची आहे. आधी पोषण व आहारशास्त्र घेऊन पदवी. पुढे एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, आणि रुग्णालयात काही महिने प्रत्यक्ष काम. त्यानंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा दिली की 'रजिस्टर्ड डायटिशियन' होता येतं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं होम सायन्स कॉलेज आपल्या जुहूलाच आहे. घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरी, लोकलनं सांताक्रूझ, मग बस.

गटात वादही झाला. "लग्न होऊन गेली तर हप्ते कोण भरणार?" ताई म्हणाल्या, "मी भरेन. चुकीचा सल्ला दिला आणि कुणाचा आजोबा गेला, तर ते कोण भरणार?" सगळ्या गप्प झाल्या. पहिल्या वर्षाचं कर्ज मंजूर झालं. शिष्यवृत्तीचा अर्जही आम्हीच बसून भरला. लेक आता कॉलेजात जाते आणि ताईंचा एकही हप्ता चुकलेला नाही.

सख्यांनो, तुमच्या लेकीला हे शिकायचं असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पदवी कुठल्या विद्यापीठाची? रुग्णालयात काम शिकायला मिळेल का? पुढच्या परीक्षेला हे शिक्षण चालेल का? उत्तर कागदावर मागा.