दूरची सत्ता आणि जवळचा संघ

(बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



जागतिकीकरणामुळे लोकशाहीतील सामान्य माणूस आपल्या हक्कांसाठी अधिक संख्येने रस्त्यावर येतो की भयाने घरी बसतो, हा आजचा प्रश्न आहे. प्रत्येक घटनेची कारणे शोधावीत, अशी तथागतांची शिकवण आहे. त्याच दृष्टीने आपण या प्रश्नाकडे पाहू.

दुःख असले की माणूस आपोआप लढ्यात उतरतो, हा समज खोटा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. दुःख तर शतकानुशतकांचे होते. तरीही चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, महाडला परिषद भरली आणि बाबासाहेबांनी वाट दाखविली तेव्हा. दुःखाला संघटनेची जोड मिळाली, तेव्हाच पाऊल पुढे पडले.

जागतिकीकरण नेमके या संघटनेवर दोन बाजूंनी परिणाम करते.

पहिली बाजू हानीची आहे. २४ जुलै १९९१ रोजी आपल्या देशाने नवे औद्योगिक धोरण जाहीर केले आणि खाजगी व परदेशी भांडवलास दारे उघडली. राखीव जागा आहेत त्या सरकारी सेवेत. खाजगी मालकावर तसे बंधन नाही. कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले. कायम कामगार संपावर जाऊ शकतो. कंत्राटी कामगार एक दिवस मोर्चास गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम राहील याची शाश्वती नाही. शिवाय निर्णय दूरच्या राजधानीत होऊ लागले की दाद कोणापाशी मागावी, हेच माणसाला उमगत नाही.

दुसरी बाजू लाभाची आहे. अन्यायाची वार्ता जशी सीमा ओलांडते, तसे मित्रही सीमेपलीकडे मिळतात. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील निग्रो समाजाचे विद्वान नेते डुबॉईस यांना पत्र लिहून, त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची विचारणा केली होती. २००१ साली डर्बन येथील वंशभेदविरोधी परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. आपल्या सरकारचा त्यास विरोध होता आणि अंतिम घोषणेत जातीचा उल्लेख आला नाही. परंतु प्रश्न जगाच्या कानी पडला.

अमेरिकेतील सिएटल शहराने या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. १९९९ च्या नोव्हेंबरात तेथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेविरुद्ध सुमारे ४०,००० लोक जमले. त्यांत कामगार संघटनांचे सभासद मोठ्या संख्येने होते. पुढे त्याच शहराच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदास बंदी करणारा कायदा सहा विरुद्ध एक मतांनी केला. परदेशात ज्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या हाती असतो, त्याला अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे नसते. तरी आपले लोक बोलले, कारण पाठीशी संघटना होत्या.

यातून एकच निष्कर्ष निघतो. जग जवळ आल्याने कोणी आपोआप धीट होत नाही. ज्यांची संघटना आहे त्यांना जग साहाय्य करते. ज्यांची नाही, त्यांना ते अधिकच एकाकी करते.

निःशस्त्र व शांततेने एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने आपणांस दिला आहे. मात्र सनदशीर मार्ग खुले असताना अन्य मार्ग धरू नयेत, हा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिलेला इशाराही ध्यानी ठेवा. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी विहार केवळ वंदनेपुरता मानू नये. तेथे कंत्राटी कामगाराची नोंद व्हावी, कायद्याची माहिती मिळावी, आणि हक्कासाठी गेलेल्या माणसाचा रोजगार बुडाला तर त्याच्या घरची चूल पेटती राहील इतका निधी असावा. स्त्रियांनी या कामात पुढाकार घ्यावा. सत्ता कितीही दूर गेली, तरी संघ जवळ असला म्हणजे माणूस निर्भय होतो.

जय भीम.