छंद आणि कचेरी



कचेरीच्या एका दालनात माणसे तीस-तीस वर्षे शेजारी बसतात. मुलींची लग्ने, पतपेढीचे कर्ज, पित्ताचा विकार, सारे एकमेकांना ठाऊक असते. ठाऊक नसतो तो छंद. शेजारचा कारकून रात्री जुन्या नाण्यांवरची अक्षरे लावीत बसतो, हे कळते त्याच्या निरोपसमारंभात!

का लपवितो माणूस? एक भीती चेष्टेची, दुसरी साहेबाची. ही दुसरी बरीचशी निराधार आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली झालेल्या वर्तणूक नियमांत, कामात खंड पडत नसेल तर प्रासंगिक वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय काम परवानगीवाचून करण्याची मुभा आहे. चेष्टेला मात्र नियम नाही.

पेणचेच पाहा. इथला एखादा कारकून श्रावणात संध्याकाळी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला बसला, तर कोणी हसत नाही. गावाचा तो धंदाच आहे. त्याचीच बदली दूरच्या जिल्ह्यात होऊ द्या; बिऱ्हाडी माती कालवलेली दिसली, की त्याला टोपणनाव मिळालेच म्हणून समजा.

आता रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव घ्या. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० ते ५६ देशाचे अर्थमंत्री होते. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले हे गृहस्थ जन्मभर बागेत रमले. मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले, आणि स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह १९६८ साली छापला. पण त्यांनी काही लपविले नाही हे धैर्य म्हणावे, की खुर्चीचा आधार? मला वाटते, थोडे दोन्ही. गव्हर्नराने श्लोक रचला की तो व्यासंग, कारकुनाने रचला की ते खूळ, असा आपला हिशेब असतो.

खुर्ची नसलेला माणूस पाहायचा, तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. वेड आकड्यांचे, आणि ते उघड! चार अंकी संख्या घ्या, सारे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तराचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मास्तरांनी हे मांडले. पदवीधर गणित्यांपैकी पुष्कळांना तो पोरखेळ वाटला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा ते नाव जगभर गेले. मास्तरांना शाळा सोडून तेव्हा तेरा वर्षे झाली होती.