गिअर पायाने पडतो, पण काम डाव्या हाताचं

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत गाडी शिकणाऱ्या महिलांसमोर झालेलं बोलणं)



स्कूटी आपल्यातल्या बऱ्याच जणींना येते. पण स्कूटी किती घरांत आहे? दारात उभी असते ती मालकांची नाहीतर दिराची मोटरसायकल. पशुसखीला वस्तीवर शेळी बघायला जायचंय, बँक सखीला गावोगाव फिरायचंय, आणि दारात गाडी असून आपण वडापची वाट बघत बसतो. म्हणून गिअरचीच गाडी शिकायची.

नव्या बाईला भीती वाटते ती हिसक्याची. क्लच सोडला की गाडी उडी मारते, बंद पडते, आणि कट्ट्यावरचं कुणीतरी हसतं. हसू द्या. हिसका का बसतो ते समजून घ्या. इंजिन फिरत असतं, मागचं चाक थांबलेलं असतं. दोघांना जोडतो तो क्लच. एकदम जोडलं तर ओढाताण होते, हळूहळू जोडलं तर चाक आपसूक वेगाला येतं. क्लच पूर्ण दाबलेला आणि पूर्ण सुटलेला याच्या मध्ये एक जागा असते, तिथं गाडी ‘धरते’. ती जागा डाव्या हाताला कळली की निम्मं शिकून झालं.

त्यासाठी मोकळं पटांगण बघा. गाडी चालू करा, क्लच दाबा, पहिला गिअर टाका. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. आता अगदी थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडा. गाडी सरकायला लागली की बोटं तिथंच थांबवा आणि परत दाबा. वीस-पंचवीस वेळा एवढंच करा. कंटाळा येतो, पण याच्याशिवाय पुढचं जमत नाही. रस्त्यावर मात्र अर्धा क्लच धरून चालवायची सवय नको. प्लेटा घासतात, आणि मग घरात ऐकावं लागतं, ‘बाईच्या हातात गाडी दिली की असंच होतं.’

पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना उजव्या हाताने ॲक्सिलरेटर मिटवायचा, डाव्याने क्लच दाबायचा, मग पायाने गिअर. बहुतेकींचा ॲक्सिलरेटर तसाच राहतो आणि इंजिन किंचाळतं. गिअर कधी बदलायचा ते कानाला विचारा. इंजिन ओरडायला लागलं की वरचा, थरथरायला लागलं की खालचा. पायाकडे बघायचं नाही, नजर रस्त्यावर. गिअर पुढे दाबून पडतो की मागे, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. दुसऱ्याची गाडी घेतली तर आधी विचारून घ्या.

खालचा गिअर टाकणं जास्त अवघड. त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त फिरावं लागतं, म्हणून क्लच सोडताच गाडी मागे ओढल्यासारखी होते. आधी ब्रेकने वेग कमी करा, एकेक गिअर उतरवा, क्लच हलक्या हाताने सोडा. सराईत माणसं सोडण्याआधी ॲक्सिलरेटर जरासा देतात, त्यामुळे झटका जाणवतच नाही. चौथ्यावरून थेट पहिला पाडून क्लच सोडला, तर ओल्या मुरमावर मागचं चाक घसरतंच समजा.

उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकायला कुणी सांगेल. ऐकू नका. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. मोठा उतार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरायचा.

आणि कागदाचं. बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स असेल त्यांनी नीट ऐका, त्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही. अपघात झाला तर विम्याला अडचण येते. वय १८ पूर्ण हवं. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्यासाठी चाचणी देता येते. शिकतानाही हेल्मेट हवंच.

पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणावर सराव ठेवलाय. पदर खोचून या, नाहीतर ड्रेस घाला. स्लिपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. गाडी मी आणते, पेट्रोलचं आपण वाटून घेऊ.