विहिरीतले पोहणे, शर्यतीतले पोहणे

श्रोतेहो, आपल्या परभणी जिल्ह्यातली पोरे पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली. ती तरतात खरी, पण शर्यतीत मागे पडतात. का? डोके वर काढून पोहतात म्हणून. डोके वर गेले की कंबर खाली जाते, अन् पाणी अडवते. गुरुजी, आधी तोंड पाण्यात ठेवून श्वास सोडायला शिकवा. घेताना मान बाजूला वळवावी. हे वळण आधी, वेग मागाहून.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. ते एका उन्हाळ्याचे काम नव्हे! रोज थोडे, पण नेमाने.

आणि काठावर पोहणारा जाणता माणूस नसेल, तर एकालाही पाण्यात उतरू देऊ नका. पदक मागाहून येईल. पोर आधी घरी आले पाहिजे.